डावीकडचा ब्रेक

आमच्या गावात ज्यांना गाडी चालवता येते त्यांतल्या बऱ्याच जणांनी ब्रेकबाईचा ओरडा खाल्लेला आहे. तिच्याबरोबर बाजारात गेलात की कुणी ना कुणी गाडीची काच खाली करून नमस्कार करतं. ती नमस्कार घ्यायच्या आधी विचारते, "आरसा कुठे बघतोय तुझा, आभाळात?" मग तो बिचारा मधल्या रस्त्यात थांबून आरसा नीट करतो, मागच्या गाड्या भोंगे वाजवतात, आणि ही आपली भाजीवाल्याकडे वळलेली असते.

तिचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे जिना चढून गेल्यावर एक खोली. खोलीत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि खाली रस्त्यावर उभी असलेली एक पांढरी गाडी. खोलीच्या बरोब्बर खाली औषधांचं दुकान, ते आमच्या औषधवालीचं. त्या दोघींची मैत्री जुनी. मी मागाहून आले. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, "आता या वयात कशाला?" हा घरातला प्रश्न कानाआड करून मी गाडी शिकायला गेले. पहिल्या दिवसापासून ब्रेकबाई मला सांगत होती, "घाई करू नका." पुढे अहो-जाहो गळालं, मग 'करू नका' गळालं, आणि मी नुसती 'घाई' उरले. लायसन्स मिळालं, मैत्रीण मिळाली, नाव गेलं ते गेलंच.

शिकवायच्या गाडीची गंमत ठाऊक नसेल तर सांगते. शिकणारा उजवीकडे, स्टिअरिंगवर. शिकवणारा डावीकडे, आणि त्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक. शिकणाऱ्याने घोळ घातला की डावीकडून पाय पडतो आणि सगळे वाचतात. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. ते वाटू देण्यात ब्रेकबाईचा हात धरणारं कुणी नाही.

शाळा तिच्या नवऱ्याची. तिला गाडी शिकवली ती त्यानेच. ती म्हणते, आमचं लग्नानंतरचं सगळं बोलणं गाडीतच झालं, घरात सासूबाई असायच्या. त्याचं एक वाक्य अजून गावात चालतं: झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो ना, तसा क्लच सोडायचा. बाळं निजवलेल्या बायकांना हे एका वाक्यात कळायचं. पुरुषांना आठवडे लागायचे.

तो अचानक गेला तेव्हा मुलगा अजून शाळेत शिकत होता आणि अर्धवट शिकलेली माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती, पैसे भरलेली. ही उठली आणि त्याच्या जागेवर, डावीकडे जाऊन बसली. ती जी बसली ती तिथून हलली नाही. घरून खोलीपर्यंतसुद्धा गाडी कुणीतरी शिकाऊच चालवत आणायचा. मी एकदा विचारलं होतं, अगं, तू स्वतः कधी चालवतेस? ती म्हणाली, मग माझ्या बाजूला कोण बसणार? मला तो विनोद वाटला. मी हसलेसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात शिकायला आलेल्या एका कारकुनाने बागेच्या फाटकाशी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला. ब्रेकबाईचा पाय पडला, पण गाडी फाटकाला जाऊन भिडली. कुणाला खरचटलंही नाही. फाटक वाकलं, गाडीचं नाक चेपलं, झालं. पण बातमी मुलापर्यंत गेली. मुलगा दुसऱ्या गावी इंजिनिअर. गुणी आहे, आणि इतक्या खालच्या आवाजात बोलतो की त्याच्याशी भांडताच येत नाही. तो म्हणाला, आई, गुडघ्यांनी तुझ्या दगा दिलाय. शाळा बंद कर, गाडी विकून टाकू, आमच्याकडे ये. त्याने गिऱ्हाईकही शोधून ठेवलं, त्याच्या गावातलं एक ड्रायव्हिंग स्कूल. त्यांना डावीकडच्या ब्रेकसकटच गाडी हवी होती. ब्रेकबाई हो म्हणेना, नाहीही म्हणेना. "मैत्रिणींबरोबर फिरून येते, मग सांगते," एवढंच म्हणाली. गाडी ठेवायची की द्यायची, हा प्रश्न असा सॅकेत घालून ती आमच्याबरोबर परदेशी निघाली.

परदेशची कल्पना औषधवालीची. तिने जन्मभर लोकांना प्रवासात मळमळू नये म्हणून गोळ्या विकल्या आणि स्वतः कधी वेस ओलांडली नाही. सुनेने दुकान हातात घेतलं आणि बाईसाहेबांना एकदम जग आठवलं. सहल कंपनीबरोबर जायचं नाही, ही अट माझी. कुणाच्या तरी झेंड्यामागे धावायचं, सांगितलेल्या जागी फोटो काढायचे आणि सांगितलेल्या वेळी लघवी करायची, त्यापेक्षा घरी लोळत पडलेलं काय वाईट? माझी भाची पाठीवर सॅक टाकून फिरते. तिने आम्हाला सॅका दिल्या आणि एकच उपदेश केला: मावशी, जे न्यावंसं वाटेल त्याच्या निम्मं न्या. आम्ही मान डोलावली आणि दुप्पट नेलं.

सॅक चढवणं हे एकटीचं काम नव्हे. दोघींनी मिळून तिसरीच्या पाठीवर चढवायची, मग एकीने दुसरीच्या. उरलेलीने आपली सॅक बाकावर ठेवायची, पाठ लावून खाली बसायचं, पट्ट्यांत हात घालायचे आणि देवाचं नाव घेऊन उठायचं. उरलेली म्हणजे नेहमी ब्रेकबाई, कारण 'आधी तुमचं होऊ दे' हा तिचा स्वभाव. एकदा एका दुकानाच्या काचेत आम्ही आम्हाला दिसलो. तीन कासवं, रांगेत. आम्ही इतक्या हसलो की फुटपाथवर बसावं लागलं, आणि एकदा बसल्यावर उठता येईना म्हणून आणखी हसलो. शेवटी एका पोलिसाने एकेकीला हात देऊन उभं केलं. काय झालं ते त्याने विचारलं नाही. बहुतेक त्याच्या घरी आई असावी.

राहायचं ते एका खोलीत आठ-दहा खाटा असलेल्या ठिकाणी. खाटा दुमजली. औषधवालीला रात्री उठावं लागतं, ब्रेकबाईचे गुडघे दुखरे, तेव्हा वरचा मजला माझा. शिडीच्या कांबी तळव्यांत अशा रुतायच्या की सकाळी मी रांगत्या पोरासारखी पाठमोरी उतरायची. एका ठिकाणी शेजारच्या खाटेवरचा एक दाढीवाला मुलगा न बोलता हात पुढे करायचा, जणू हत्तीवरून राणी उतरतेय. न्हाणीघर सगळ्यांना मिळून. तिथला दिवा माणूस हलला नाही की आपोआप विझायचा. अंगभर साबण लावून मी काळोखात हात हलवत उभी राहिले आहे, आणि हे मी कुणाला सांगणार नव्हते.

औषधवालीची अर्धी सॅक औषधांची. तिच्यावरून मी निघताना भांडले होते. दोन-चार मुक्कामांत काय झालं, तर निरनिराळ्या देशांची पोरंपोरी टाचेचे फोड आणि बिघडलेली पोटं घेऊन तिच्या खाटेशी रांग लावू लागली. तिला त्यांची भाषा येत नव्हती. ती जीभ दाखवायला सांगायची, पोट दाबायची, आणि मराठीतून रागवायची. पोरं ऐकून घ्यायची. एका मुलीने तर जाताना तिला मिठी मारली आणि ती दिवसभर "लब्बाड कुठली" म्हणत गाल पुसत होती.

सुख कशाकशात होतं ते सांगितलं तर घरच्यांना राग येईल. सकाळी उठून 'आज जेवायला काय करू' हा विचार नाही, यात होतं. धुतलेले मोजे खाटेच्या कठड्यावर वाळत टाकून नदीच्या पायरीवर बसायचं, पावाचे तुकडे तोडत. पाय पाण्यात. कुणाची आई नाही, कुणाची सासू नाही, कुणी हाक मारणारं नाही. औषधवाली म्हणाली, मला असं वाटतंय की मी दुकान उघडं टाकून आलेय. आणि मग म्हणाली, असू दे उघडं.

ब्रेकबाई मात्र बसमध्ये बसली की आमच्यातून उठून जायची. तिला पहिली सीट लागायची, दाराच्या मागची, जिथून समोरचा रस्ता सगळा दिसतो. बस सुटली की तिचा उजवा पाय चालू. समोर गाडी आली, पाय गेला. वळण आलं, पाय गेला. आम्ही म्हणतोय, अगं ते तळं बघ, केवढं निळं आहे. तिची नजर पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर. बसमध्ये तिने डोळ्याला डोळा लावला नाही. संध्याकाळपर्यंत पोटरी सुजून घट्ट व्हायची आणि पाय बुटात मावायचा नाही. तिथे गाड्या सगळ्या आपल्या उलट्या बाजूने जाणाऱ्या, तेव्हा तिच्या पायाला उसंत कशी ती नाही. 

एकदा घाटातून उतरताना मला ते सहन होईना. मी तिला म्हटलं, "अगं, ही गाडी तुझी नाही. त्याला पगार मिळतो ब्रेक मारायचा."  तिचा पाय थांबला नाही.

त्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर औषधवालीने स्वयंपाकघरातून एक टब मिळवला, गरम पाण्यात मीठ टाकलं आणि तिचे पाय त्यात बुडवले. मी कांदा चिरत होते. ब्रेकबाई पाण्याकडे बघत म्हणाली, "घाई, मी गाडी थांबवत नाही गं. मी बघते, माझा पाय आधी जातो का त्याचा."

मी सुरी खाली ठेवली. "मग?"

"पहिल्या दिवशी दोघांचे बरोबर जात होते. आता त्याचा आधी जातो."

मग बाकीचंही आलं. फाटकाशी गुडघे दुखत नव्हते. तो कारकून चुकतोय हे तिला दिसलं, कळलं, आणि तरी पाय क्षणभर जिथल्या तिथे राहिला. पूर्वी मला कळायच्या आधी पायाला कळायचं, ती म्हणाली. मुलाला वाटतं गुडघे, तिने वाटू दिलं. शिकवणं आता संपलं, हे तिला ठाऊक होतं. त्याचा हिशोब तिने फाटकाशीच केला होता. अडत होतं ते दुसरीकडेच. त्या डाव्या सीटवर आधी नवरा बसायचा, मग ती बसली. आता कोण कुठला परका मास्तर तिथे बसणार आणि त्या ब्रेकवर पाय ठेवणार. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. पायाची बोटं पाण्यात हलवत राहिली. औषधवालीकडे जगातल्या सगळ्यावर काही ना काही असतं. ती नुसती गरम पाणी ओतत होती.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं, त्याला दुसरी गाडी मिळत होती. आई, हो किंवा नाही काय ते कळव. ब्रेकबाईने परवाचा वायदा केला आणि फोन सॅकेच्या अगदी तळाशी घातला, जिथून काढायला सगळं सामान उपसावं लागतं.

त्यानंतरचा मुक्काम डोंगरात होता. एका शेतावरच्या घरात तीन खोल्या पाहुण्यांना देत. घराची मालकीण आमच्याच वयाची, उंच, हसरी. झाडावरून फळं काढताना शिडीवरून पडल्यामुळे डावा हात प्लास्टरमध्ये. घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट तिच्याच शेतातली, कच्ची, चढउताराची. बस त्या वाटेच्या तोंडाशी, शेताच्या फाटकापाशी थांबते. येताना आम्ही ती वाट सॅका घेऊन चढलो होतो. चढून आल्यावर औषधवालीने शपथ घेतली होती की आता उतरेन ती कुणाच्या तरी खांद्यावरूनच.

निघायच्या सकाळी पाऊस पडून गेला होता आणि वाट लोण्यासारखी झाली होती. मालकीणबाईची एक जुनी व्हॅन होती. ती चालवणारा भाचा नेमका त्याच बसने येणार होता जी आम्हाला पकडायची होती, म्हणजे तो काही आम्हाला सोडायला यायचा नव्हता. मालकीणबाई म्हणाली, मी सोडते. कशी? तर एका हाताने. तिने तो हात हलवून दाखवला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हो म्हणालो, कारण पायी उतरणं त्याहून वाईट होतं.

सॅका मागे टाकल्या. मी आणि औषधवाली मागच्या बाकावर चढलो. ब्रेकबाईने इतक्या वर्षांच्या सवयीने पुढचं डावं दार उघडलं, बसली, सीट पुढे ओढली, आरशाकडे पाहिलं आणि उजवा पाय खाली ठेवला. तिथे ब्रेक होता. खराखुरा. तिने मान वर केली तर छातीसमोर स्टिअरिंग. त्या देशात ते डावीकडेच असतं, हे आम्ही बसमधून रोज बघत होतो. पण बघणं वेगळं आणि सवय वेगळी. कुणीतरी चेष्टेने ते चाक आपल्यापुढे आणून लावलंय अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत राहिली.

मालकीणबाई घराचं दार बंद करून आली तो हे दृश्य. एक वयस्क बाई सीट ओढून, आरसा बघून, तयारीनिशी बसलेली. मालकीणबाईच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. तिने खिडकीतून किल्ली ब्रेकबाईच्या हातात ठेवली, वळसा घालून आली आणि उजवीकडे आरामात बसली, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन.

ब्रेकबाई मागे न बघता म्हणाली, "घाई, हिला सांग, मी चुकून बसलेय."

आमच्यात इंग्रजी माझ्याकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात औषधवालीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण घरी पोचेपर्यंत टिकली. मग मी मालकीणबाईला सांगितलं की या आमच्या मैत्रिणीने आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली आहे. खोटं काहीच नव्हतं. मालकीणबाई आणखीनच खूश झाली आणि तिने एक हात दुसऱ्या हाताच्या प्लास्टरवर आपटून टाळी वाजवली. 'टीचर' हा शब्द ब्रेकबाईला कळला. तिने आरशातून माझ्याकडे जे पाहिलं तसं मी शिकत असतानाही कधी पाहिलं नव्हतं.

आता लायसन्सची ज्यांना काळजी वाटतेय त्यांना सांगते: खासगी शेत, खासगी वाट, फाटकापर्यंत. पुढे वाचा.

तिने किल्ली फिरवली. डावा हात गिअर शोधायला गेला आणि दारावर आपटला. उजव्या हाताला गिअर सापडला. "पाय तेच आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. क्लच जुना होता, घट्ट, पहिल्या फटक्याला गाडी उडवणारा. ती थोडं पुढे झुकली, आणि झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसा तिने तो सोडला. व्हॅन हलली ती आम्हाला खिडकीतून झाडं मागे जायला लागल्यावर कळलं.

पहिल्या उतारावर चाकं जरा घसरली. मालकीणबाईचा पाय आपसूक समोरच्या पत्र्यावर गेला आणि तिने तो जोरात दाबला. ब्रेकबाईला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आणि ती हसली. मी तिला हसताना पुष्कळ पाहिलं आहे, पण ते असं खालून, पोटातून आलेलं हसू नव्हे. तिने मालकीणबाईला स्वच्छ मराठीत सांगितलं, "पाय वर घ्या बाई, मी आहे ना."

त्या बाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिने पाय वर घेतला.

वाटेत पुढच्या वळणावर कुंपणातून एक मेंढरू निघालं आणि मधोमध उभं राहिलं. मी किंचाळायच्या आत गाडी थांबली होती. मेंढरू आमच्याकडे बघत होतं, आम्ही मेंढराकडे. ब्रेकबाई मात्र मान खाली घालून आपल्या पायाकडे बघत होती. ते गेलं तरी तिने गाडी लगेच सोडली नाही.  

फाटकाशी बस आली, भाचा उतरला, व्हॅन त्याच्या ताब्यात गेली. मालकीणबाईने चांगल्या हाताने ब्रेकबाईचा गाल थोपटला. आम्ही बसमध्ये चढलो. पहिली सीट रिकामी होती. ब्रेकबाई ती सोडून पुढे आली आणि मधे माझ्या शेजारी बसली, जिथून रस्ता दिसतच नाही.

"पाय गेला, बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं."

"शिकवताना शेजारचा काय करणार ते ओळखण्यात माझा वेळ जातो गं. स्वतः चालवताना कुणाला ओळखायचं असतं?"

मी यावर काही शहाणपणाचं बोलायचा विचार करत होते, तेवढ्यात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड उघडं, चष्मा तिरका, उजवा पाय सॅकेवर सैल पडलेला. घाट होता, वळणं होती, ड्रायव्हर चांगलाच वेगात होता. ती झोपली होती. खिडकीबाहेर पुन्हा एक तळं आलं, पहिल्याहून मोठं. तिला उठवून दाखवूया म्हणून औषधवाली पुढे झाली, तिला मी नजरेने जागच्या जागी बसवलं. मला पाच मिनिटं स्वस्थ बसवत नाही, हे माझ्या नावावरूनच कळेल. माझा खांदा बधिर झाला, हात बधिर झाला, मला लघवीला लागली. घाट संपेपर्यंत मी हलले नाही.

बस थांबल्यावर तिने सॅकेतलं सगळं सामान फलाटावर उपसलं, तळातून फोन काढला आणि मुलाला लावला. आम्ही कपडे गोळा करत होतो, ऐकत नव्हतो असं म्हणता येणार नाही. ती म्हणाली, शाळा बंद. गाडी विकायची नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू त्यांची एक मोळी बांधलीस. पलीकडून तो खालचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिने त्याला बागेच्या फाटकाचं खरं काय ते सांगितलं, पाय उशिरा गेल्याचं. 

"आई, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू गुडघे म्हणालास. मी गुडघे धरून बसले."

मुलाने एक अट घातली: डोळे आणि पाय डॉक्टरला दाखवायचे, आणि त्याने नाही म्हटलं तर हट्ट नाही. तिने कबूल केलं. परत आल्यावर औषधवाली स्वतः तिला धरून घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, दिवसाउजेडी, बेताने, स्वतः चालवायला हरकत नाही. तो तिच्याकडेच गाडी शिकलेला निघाला, पण तपासताना त्याने त्याची सूट दिली नाही. दोन वेळा तपासलं.

सुट्टीच्या दिवशी मुलगा आला आणि आम्ही सगळे गॅरेजात गेलो. मेकॅनिक गाडीखाली शिरला. दुसरा ब्रेक सुटायला वेळ लागला, स्क्रू गंजून बसले होते. ब्रेकबाई पदर खोचून बाजूला उभी, मधूनच "हळू रे, वाकवू नकोस" म्हणत होती. निघाल्यावर जे हातात आलं ते एवढंसं होतं. एक लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला रबर. रबर मधोमध झिजून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. अर्धं वडिलांच्या बुटाने झिजलं होतं, अर्धं आईच्या चपलेने. मेकॅनिकने विचारलं, भंगारात टाकू का बाई? ती उत्तर देणार तेवढ्यात मुलाने ते त्याच्या हातातून घेतलं, रुमालाने पुसलं आणि स्वतःच्या बॅगेत ठेवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ग्रीस लागेल तुझ्या कपड्यांना." त्याने मान हलवली आणि बॅगेची चेन लावली.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघी निघालो. सॅका डिकीत, औषधवाली मागच्या सीटवर आडवी, दोन्ही खिडक्या आपल्याच असल्यासारखी. ब्रेकबाई उजवीकडे, स्टिअरिंगवर. राहिली डावी सीट. मी दार उघडून उभी राहिले. बसायचं की नाही ते मला कळेना, आणि असं मला सहसा होत नाही.

"बस की," ती म्हणाली. "का पत्रिका छापू?"

मी बसले. पायाशी पत्र्याला अजून भोकं आहेत, त्यांत काळी बुचं बसवली आहेत. गाव संपलं, घाट लागला. ती बेताने चालवते, पण चालवते ती अशी की गाडी चालली आहे हे विसरायला होतं. मी विसरलेही होते. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि माझा पाय आपसूक खाली गेला, बुचांवर, आणि मी तो घट्ट दाबून धरला.

तिने समोरच बघत गिअर बदलला.

"पाय वर घे, घाई," ती म्हणाली. "तिथे आता काही नाही."